टाकीला लावलेलं कुलूप

वच्छलाबाईला किळस यायला फार मोठं कारण लागत नसे. उष्ट्या हातानं कोणी भाजी वाढली की ती पानावरून उठायची. पुढच्या सपरीत, ओसरीवर बसून एखाद्या पाहुण्यानं नाक शिंकरलं, तर त्याची पाठ वळताच तेवढी जागा शेणानं सारवून घ्यायची. पण खर्र्याची किळस या सगळ्यांच्या वरची. सुपारी-तंबाखूला चुना लावून प्लास्टिकच्या पन्नीत घोट घोट घोटायचं, तो लगदा गालात दाबायचा आणि दिवसभर जिथं उभं राहील तिथं पचापचा थुंकायचं. बैलसुद्धा रवंथ केलेलं गिळतो, असं ती खाणाऱ्याच्या तोंडावर सांगायची.

तिच्या नवऱ्यानं, रामाजीनं, जन्मभर तेच केलं. शेवटी त्याचं तोंड चमचा जाईल एवढंही उघडेना. नाकातल्या नळीतून पेज घालता घालता वच्छलाबाईनं त्याला पोचवला, आणि तेरवीच्या दिवशी एकुलत्या एका पोराला, लोकेशला, बापाच्या फोटोपुढं बसवून शपथ घ्यायला लावली. या घरात खर्रा शिरणार नाही. तेव्हापासून ती चिचटोल्यात ताठ मानेनं फिरायची. गावात एकच घर स्वच्छ आहे म्हणायची, आमचं.

रामाजीनं मागं ठेवलेली जीप मात्र तिच्या मनासारखी स्वच्छ कधीच नव्हती. जुनी, डिझेलवर चालणारी, मागं दोन्हीकडून उघडी, वर ताडपत्री. रोज सकाळी चिचटोल्याच्या पारापासून निघायची, जंगल ओलांडून मूलला, तालुक्याच्या गावाला, जायची आणि संध्याकाळी परत यायची. चालवायचा सुकलू मडावी. रामाजी होता तेव्हापासून तोच. त्याच्याही आधी दोघं मिळून लाकडाच्या ट्रकवर होते. सुकलू कमी बोलायचा, गाडी सांभाळून हाकायचा आणि खर्रा खायचा. लपवून नव्हे, उघड. त्याच्या बाजूचं दार खालपर्यंत लाल झालेलं. वच्छलाबाई गाडीत नेहमी दुसऱ्या बाजूनं चढायची, ते दार दिसायलाच नको म्हणून. पण रामाजी जाताना खुणेनं सांगून गेला होता की स्टिअरिंग सुकलूच्याच हाती राहू दे. मेलेल्या माणसाचा शब्द, म्हणून तिनं राहू दिलं होतं.

लोकेशला ते आवडत नव्हतं. गाडी आपली, बाप आपला, आणि चालवणारा दुसरा. दिवाळीच्या आधी एक दिवस तो चुलीजवळ येऊन बसला.

"माय, डिझेल लय लागून राह्यलं. गाडी तर तेवढीच चालते."

"मंग?"

"मंग काय. मूलमधी स्टँडवर उभी असते दिवसभर. पाइप घालून काढाले किती वेळ लागते?"

"सुकलूनं काढलं म्हणतं?"

"मी कुठी नाव घेतलं?" लोकेश म्हणाला. "मी फक्त टाकीले कुलूप लावतो म्हणलं."

वच्छलाबाईच्या डोळ्यापुढं सुकलूचे लाल दात आले. ज्याला आपल्या तोंडाची लाज नाही त्याला दुसऱ्याच्या डिझेलची काय असणार, असं तिच्या मनानं लगेच घेतलं. लोकेशनं बाजारातून कुलपाचं टोपण आणलं आणि टाकीला बसवलं. बसवताना ती शेजारीच उभी होती. चाबी लोकेशनं आपल्या खिशात ठेवली. सुकलूनं ते लांबून पाहिलं आणि गाडीची काच पुसत राहिला. डिझेल आता लोकेशच भरायचा, घरी कॅन आणून.

टोपण बरोबर बसत नव्हतं. खड्ड्यात गाडी आदळली की डिझेल बाहेर उडायचं आणि मागच्या बायांच्या लुगड्यांवर शिंतोडे. वास तर असा की वच्छलाबाई पदर नाकावरून काढायची नाही. घरी येऊन तिनं लोकेशला धारेवर धरलं.

"थे शिंतोडे बंद कर, नाई तर थे कुलूप तुह्या तोंडाले लावीन."

दुसऱ्या दिवसापासून शिंतोडे बंद झाले. कसे झाले हे तिनं विचारलं नाही. सांगितलं की काम व्हावं, एवढंच तिला माहीत होतं.

आणि मग जीपला दुखणं लागलं.

सकाळी नीट सुरू व्हायची. गावातून निघताना कोणी म्हणणार नाही की हिला काही झालंय. मग जंगलात, अर्ध्या वाटेवर, वळण किंवा उतार आला आणि सुकलूनं पाय काढला की इंजिन स्लोवर यायचं आणि थरथरायला लागायचं. थरथरीचं गदगदणं व्हायचं, बसलेल्या बायांचे दात वाजायचे, आणि दम्याचा म्हातारा खोकतो तसं खोकून इंजिन बंद. सुकलू खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबत राहायचा. बराच वेळ काही नाही. मग कधीतरी, कोणी काही विशेष न करता, जीप आपोआप सुरू व्हायची. रुसून गेलेली सून कोणी आणायला न जाता परत यावी तशी.

गावातल्या बाया आधी हसल्या. मग हसेनाशा झाल्या, कारण रस्ता जंगलाचा होता. हिरडीच्या नाल्यापाशी मागच्या उन्हाळ्यात मोह वेचायला गेलेल्या बाईला वाघानं ओढून नेलं होतं, आणि जीपलाही बंद पडायला नेमका तोच नाला आवडायचा, कारण तिथं रपट्यावर, नाल्यातल्या ठेंगण्या पुलावर, गाडी हळू करावी लागायची.

बाजाराच्या दिवशी वच्छलाबाई स्वतः पुढच्या सीटवर होती. मागं बाया कोंबलेल्या, मधोमध अन्नपूर्णा आपली सुक्या मासळीची पाटी मांडीशी घेऊन. तिच्या पाटीचा वास ताडपत्रीखाली असा भरला होता की वच्छलाबाईनं निघाल्यापासून तोंड बाहेर काढून ठेवलं होतं. रपट्यावर जीप हळू झाली, थरथरली, खोकली आणि मेली.

नाल्यातलं पाणी ऐकू येत होतं. सुकलू उतरला, बॉनेट उघडलं, आणि कामाला हात घालण्याआधी त्यानं बाजूला तोंड करून लांब पिचकारी मारली.

वच्छलाबाईच्या अंगावर काटा आला. इकडं बाया जीव मुठीत धरून बसल्यात आणि हा रस्ता रंगवून राहिलाय.

"सुकलू, हे रोजचं काय होय?"

"पाहून राह्यलो, बाई."

"रोजच पाहून राह्यला. तुले दिसत काऊन नाई?"

"डिझेल येऊन नाई राह्यलं पंपाले. एअर घेते कुठी तरी." त्यानं हातपंप दाबला. "मी टाकीले तर हात बी लावला नाई, बाई. चाबी..."

"चाबीचं नाव काढू नको," ती म्हणाली, कारण चाबी म्हटलं की तिला चोरीच आठवायची.

मागून अन्नपूर्णा म्हणाली, "बाई, भांडण मूलले जाऊन करा. इथी वाघ ऐकून राह्यला असंल."

थोड्या वेळानं जीप सुरू झाली. पण वच्छलाबाईचं मन बंद पडलं होतं ते सुरू झालं नाही. संध्याकाळी घरी लोकेशनं तिला समजावलं, की कुलूप लागल्यापासून ज्याची वरकमाई बुडाली त्यालाच गाडी बंद पाडायची हौस असते. नीट चालत असलेलं काही तरी सैल करून ठेवायला त्याला किती वेळ लागतो. तिला ते पटलं. पटायला फार काही लागलंही नाही. ती पिचकारी अजून तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर जीप भरली. सुकलू बसायला निघाला तसा वच्छलाबाईनं हात पुढं केला.

"गाडीची चाबी दे."

सुकलूला आधी समजलं नाही. गाडीतल्या बाया पुढं वाकल्या. पारावरचे म्हातारे मान वळवून पाहू लागले.

"चाबी दे म्हणलं. आजपासून लोकेश चालवंल. बायाबापड्यायले जंगलात बंद पडणारा डायवर आमाले नाई पाह्यजे."

"बाई, माहं काय चुकलं?"

"तोंडात भरलं हाय थे आधी थुंक, मंग विचार."

एक-दोन जण हसले. सुकलूनं चाबी तिच्या हातावर ठेवली, थुंकला नाही, आणि गावाबाहेरच्या टोल्याच्या, आपल्या वस्तीच्या, वाटेनं निघून गेला. वच्छलाबाईनं चाबी पदराला पुसली आणि मगच लोकेशला दिली.

लोकेशनं ऐटीत गाडी काढली. हिरडीच्या नाल्यावर ती ऐटीतच बंद पडली.

त्या दिवशी पडली, त्यानंतरही पडत राहिली. लोकेशनं एकदा सांगितलं की सुकलूनं जाता जाता काही तरी करून ठेवलं. एकदा सांगितलं की पंपावरचं डिझेलच खराब आहे. एकदा तर म्हणाला की गाडीला नजर लागली. बाया हळूहळू मोटारसायकलवाल्यांच्या मागं बसून जाऊ लागल्या. वच्छलाबाई रोज संध्याकाळी विचारायची आणि रोज नवं कारण ऐकायची, आणि तिला एकाच गोष्टीची किळस दाटून यायला लागली होती, ती म्हणजे कारणांची.

शेवटी ती स्वतः लोकेशला घेऊन मूलला अयूब मिस्त्रीकडं गेली. अयूबचं गॅरेज तहसीलच्या मागच्या बोळात. माणूस हाताचा चांगला, तोंडाचा त्याहून मोठा. जिल्ह्यात असं इंजिन नाही ज्यानं आपल्यापुढं नखरे केले, असं तो इंजिनलाच ऐकवायचा. त्यानं जीपचा आवाज ऐकला, मान हलवली आणि हुकूम सोडला.

"फिल्टर जाम. नोझल बी साफ करावे लागन. बाई, तुमी बसा, चाय घ्या. शाम तक मक्खन."

बाकड्यावर काळं तेल होतं. वच्छलाबाईनं पदर घडी करून खाली घातला आणि टोकावर टेकली. चहाचा ग्लास आला, त्याच्या काठावर अंगठ्याचा काळा ठसा. तिनं तो तसाच परत केला. सगळीकडं भिंतीच्या कोपऱ्यात लाल शिंतोडे, टायरवर शिंतोडे, फिल्टरच्या रिकाम्या खोक्यात रिकाम्या पन्न्या. या लोकांना देवानं तोंड खायला दिलं की फक्त थुंकायला, असा विचार करत ती संध्याकाळपर्यंत बसली.

जीप खरंच मक्खनसारखी निघाली. आणि हिरडीच्या नाल्यावर मक्खन वितळलं.

दिवस मावळत होता. गाडीत ती आणि लोकेश, दोघंच. इंजिन थरथरून गप्प झालं आणि लोकेश स्टिअरिंगला धरून तसाच बसला.

"उतर. बॉनेट खोल," ती म्हणाली.

"आपोआप सुरू होते, माय. बसून राहू जराक."

"उतरत काऊन नाई?"

लोकेशनं झाडीकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. वच्छलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग स्वतः खाली उतरली, लुगडं आवरलं आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. वाघाला यायचं तर येऊ दे. वाघाची तिला भीती होती, किळस नव्हती. किळस पोराची येत होती. इथं रोज सुकलू उतरायचा, बायांकडं पाठ करून, बॉनेटमध्ये डोकं घालून, आणि एकदाही त्यानं झाडीकडं वळून पाहिलेलं तिला आठवेना. हा विचार तिला नको होता. तिनं तो झटकला आणि तो पुन्हा येऊन बसला.

गाडी सुरू झाली तेव्हा ती चढून बसली.

सकाळी ती पुन्हा अयूबच्या दारात.

"मक्खन म्हणत होते नं, मिस्त्री?"

अयूबनं ऐकून घेतलं. नवं फिल्टर घातलं, नोझल साफ केले, तरी गाडी बंद पडते, हे त्याला इंजिननं तोंडावर थुंकल्यासारखं वाटलं. त्यानं फळीवरून एक रिकामी प्लास्टिकची कॅन काढली, तिच्यात स्वच्छ डिझेल ओतलं आणि तारेनं बॉनेटला टांगली. टाकीतून येणारा पाइप काढून बाजूला केला आणि कॅनचा पाइप थेट पंपाला जोडला.

"आता काय करून राह्यले?" वच्छलाबाईनं विचारलं.

"टाकीले सुट्टी देऊन राह्यलो. आता इंजिन या कॅनमधलं पेते. तरी बी हलली तर दोष इंजिनचा. नाई हलली तर बेचारं इंजिन बेकसूर."

त्यानं गाडी सुरू केली आणि स्लोवर सोडून दिली. इंजिन एका सुरात चालत राहिलं. अयूबनं चहा मागवला, प्याला, एका गिऱ्हाइकाशी भांडला, परत आला. इंजिन तसंच. ना थरथर, ना खोकला. त्यानं पाइप पुन्हा टाकीला जोडला, गाडी जराशी रेस केली आणि स्लोवर ठेवली. थोड्या वेळात जुनी थरथर सुरू झाली.

"देखो," अयूब म्हणाला. "डोक्याचा इलाज करत होतो, दुखत होतं पोट. टाकी खोला."

तो मागं गेला. टोपणाला कुलूप पाहून थांबला.

"चाबी?"

लोकेश म्हणाला, "घरी राह्यली."

"घरी कुठी?" वच्छलाबाईनं विचारलं.

"अलमारीत असंल."

"खिशात पाह्य."

"नाई म्हणलं नं, माय."

"लोकेश, खिसा उलटा कर."

त्यानं चाबी काढली. अयूबनं कुलूप उघडलं आणि टोपण फिरवलं, तसा टाकीतून फुस्स आवाज आला, कोणी खोल श्वास घ्यावा तसा. अयूबच्या भुवया वर गेल्या. त्यानं टोपण उचललं. खाली टाकीच्या तोंडावर पन्नी ताणून बसवलेली, दुहेरी, वरून रबर. आतला पदर फाटलेला, एक तुकडा आत लोंबणारा.

"अच्छा," तो म्हणाला. "टाकीले श्वास घेऊ देत नव्हते. बाई, डिझेल जेवढं बाहेर जाते तेवढी हवा आत याले पाह्यजे. टोपणाले बारीक छेद असते त्यासाठी. तुमी त्याचं नाक दाबलं, मंग गाडी कितीक चालन? थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा शिरते, मंग पुन्हा सुरू. आत अजून काही असंल."

त्यानं टाकी खालून मोकळी करून डिझेल घमेल्यात घेतलं आणि वाकडी तार आत घातली. पहिल्यांदा एक तुकडा आला. मग दुसरा, मग एक मोठा, जवळजवळ अख्खा. डिझेलमध्ये फुगून बुळबुळीत झालेले, आतड्यासारखे. पाइपच्या तोंडाशी जाऊन चिकटत असतील, अयूब म्हणाला, इंजिननं ओढलं की तोंड बंद, ओढणं थांबलं की सुटे. शेवटच्या पन्नीच्या घडीत सुपारीचा चुरा अडकला होता. त्यानं तो बोटावर घेऊन पाहिला आणि मोठ्यानं हसला.

"गाडीले खर्रा कोणी चारला?"

वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला. तिनं तोंड फिरवलं. "त्या सुकल्याची घाण," ती म्हणाली. "मले मालूमच होतं."

अयूब हसायचा थांबला. त्यानं घमेलं खाली ठेवलं आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "बाई, कुलूप होतं नं."

बोळातून एक रिक्षा गेली. वच्छलाबाईनं कुलपाकडं पाहिलं, मग लोकेशच्या खिशाकडं.

"चाबी कितीक हायेत याच्या?"

लोकेश टायरकडं पाहत राहिला.

"विचारून राह्यली मी."

"एकच."

"सुकलूले कधी देल्ली?"

"नाई."

"मंग हे कोणाचं होय?"

"टोपण ढिलं होतं," लोकेश म्हणाला. "डिझेल उडे. तूच तर म्हणली बंद कर. मंग मी पन्नी लावली. मजबूत असते थे. फाटली की दुसरी लावो."

"तुह्याजवळ रोज नवी पन्नी कुठून ये?"

लोकेशनं तोंड दुसरीकडं वळवलं. ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"तोंड उघड."

"माय, लोक हायेत."

"उघड म्हणलं."

अयूबनं पाठ केली आणि पाने-पक्कड गोळा करू लागला. लोकेशनं तोंड उघडलं. समोरचे दात घासून पांढरे होते. आतल्या दाढा, हिरड्या, गालाची आतली कातडी, सगळं काताच्या रंगाचं झालेलं. वासावर लवंग चावलेली होती, आणि लवंगेच्या खालून तोच वास वर आला, जो रामाजीच्या उशीला शेवटपर्यंत होता. वच्छलाबाईनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बंद कर."

"मी तुले शिंतोडे बंद कर म्हणली," ती पुढं म्हणाली. "घाण पेर नाई म्हणली. अन् जो रोज वाघाच्या तोंडात उतरे, त्याले तू चोर केलं."

"तू बी तर मानली," लोकेश पुटपुटला.

बोलण्यासारखं होतं ते त्यानं बोलून टाकलं होतं. मेल्यानं नेमकं खरं तेवढंच बोलावं.

अयूबनं टाकी धुऊन दिली, टोपणाला बरोबर बसेल असं रबरी वायसर घातलं आणि छेद तारेनं मोकळा करून दाखवला. येताना हिरडीच्या नाल्यावर लोकेशनं गाडी हळू केली. इंजिन धडधडत राहिलं, कुठंही अडखळलं नाही. तिला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

घरी सून मयुरी अंगणात तांदूळ पाखडत होती. वच्छलाबाई पाय न धुताच तिच्यासमोर जाऊन बसली.

"तुले मालूम होतं का, थो खर्रा खाते?"

मयुरीचं सूप हलायचं थांबलं. "कोण?"

"माहा सासरा. कोण म्हंजे?"

"मालूम होतं, आत्याबाई."

"सांगतलं काऊन नाई?"

मयुरीनं सूप बाजूला ठेवलं. "कोणाले सांगू? तुमी तर गावभर सांगत फिरत होत्या का आपलं घर स्वच्छ हाय म्हणून. गावात सगळ्यायलेच मालूम होतं. तुमच्या समोर हो म्हणत, मागं हसत."

वच्छलाबाईला ते हसणं आता आठवलं. पारावरचं, ती सुकलूला थुंक म्हणाली तेव्हाचं. तेव्हा तिला वाटलं होतं की ते सुकलूला हसले.

रात्री तिनं लोकेशला वाढलं नाही. मयुरीनं वाढलं. जेवून झाल्यावर तो म्हणाला, "गाडीची चाबी सुकलूच्या घरी पोचवून देतो उद्या. बोलतो मी त्याच्यासंग."

"काही गरज नाई. घेतली होती चारचौघांत. मागच्या दारानं द्याले थे काही चोरीचा माल नोहे."

सकाळी निरोप पाठवून तिनं सुकलूला पारावर बोलावलं. गाडी नीट झाल्याची बातमी रात्रीच पसरली होती, त्यामुळं बऱ्याच दिवसांनी जीप गच्च भरली होती. अन्नपूर्णा दोन पाट्या घेऊन बसली होती. सुकलू आला, जरा लांब उभा राहिला. त्याच्या गालात नेहमीसारखा गोळा होता. वच्छलाबाईनं तो पाहिला आणि त्यावरून नजर काढून सुकलूच्या डोळ्यांवर ठेवली.

तिला माफी मागता येत नव्हती. कोणी शिकवली नव्हती. तिनं आवाज चढवला, भांडताना चढवते तसाच.

"ऐका सगळे. गाडी बंद पडे थे सुकलूच्या हातानं नाई. टाकीत खर्र्याच्या पन्न्या निंगाल्या. माह्या पोराच्या. टाकीले कुलूप होतं, चाबी माह्या घरात होती. घाण माह्या घरची होय. मी सुकलूचं नाव घेतलं, थे खोटं होतं."

पारावर कोणी हसलं नाही. लोकेश खाली पाहत होता. तिनं गाडीची चाबी पुढं केली.

"घे. तुही गाडी होय."

सुकलूनं चाबी घेतली, तळहातावर ठेवून पाहिली, आणि तिच्याच हातावर परत ठेवली.

"आज नाई, बाई."

"काऊन?"

"इतले दिवस तुमी मले घरी बसवलं. आज एक दिवस मी माह्या मनानं बसतो. उद्या येईन."

तो वळला आणि आला तसाच टोल्याच्या वाटेनं गेला. वच्छलाबाई हात पुढं धरून उभीच राहिली. तिला राग यायला हवा होता. गावात कोणी तिला असं परत पाठवलं नव्हतं. पण या माणसाच्या जागी ती असती तर तिनं समोरच्याला महिनाभर खोळंबवलं असतं, आणि वर चार शब्दही ऐकवले असते, हे तिला पक्कं माहीत होतं.

लोकेशनं दाराला हात घातला. "आणतो मी चालवून. आता तर नीट झाली."

"हात काढ."

"माय, लोक बसले हायेत."

"उतरतील."

मागून अन्नपूर्णा म्हणाली, "उतरतील म्हंजे? बाजार हाय आज. माही मासळी काय उडत जाईल मूलले?"

"फाट्यावर एस्टी येते. तिथवर चाला."

"दोन पाट्या घेऊन?"

कुरकुरत बाया उतरल्या. कोणी मोटारसायकल शोधली, कोणी घरी परतली. अन्नपूर्णा रस्त्यात दोन पाट्यांच्या मधे कमरेवर हात ठेवून उभी. वच्छलाबाईनं चाबी कमरेला खोचली, पुढं झाली आणि एका पाटीचा काठ धरला. वास नाकातून डोक्यात गेला. तिनं तोंड वेडंवाकडं केलं, पण काठ सोडला नाही.

"दुसरी तू घे," ती लोकेशला म्हणाली. "डोक्यावर घे. चुरा सांडला तर अंगावरच सांडू दे."

तिघं निघाले. अन्नपूर्णा आणि वच्छलाबाई पाटी मधे धरून पुढं, लोकेश मागं. गाव संपलं, शेतांच्या धुऱ्याची वाट संपली, सागाची झाडं लागली.

"उद्या येतो म्हणला नं?" अन्नपूर्णानं विचारलं.

"म्हणला."

"मंग येईल?"

"येईल," वच्छलाबाई म्हणाली, मागच्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "थो बोलते तेवढं करते. सगळ्यायच्या तोंडाचं तसं नसते."

मागं पावलं जरा मंदावली. तिनं पाटीचा काठ दुसऱ्या हातात घेतला आणि चालत राहिली.